धडा तिसरा, धडा नववा
लैंगिक शिक्षण आणि माध्यमसाक्षरता एकमेकांच्या जवळ कशी आली, त्याची पार्श्वभूमी

महाराष्ट्र बोर्डाचं दहावीचं विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ हे पाठ्यपुस्तक उघडून बघा. तिसऱ्या धड्यात मानवी प्रजनन आहे: पाळीचं चक्र, संततिनियमन, टेस्ट ट्यूब बेबी, गुप्तरोग. नववा धडा ‘सामाजिक आरोग्य’. त्यात ताणतणाव, व्यसनं, मोबाइलचा अतिरेक, सेल्फीचं वेड, सायबर गुन्हे. मधल्या पाच धड्यांत पर्यावरणापासून जैवतंत्रज्ञानापर्यंत सगळं येतं. पोराच्या खिशातल्या फोनमध्ये मात्र तिसरा आणि नववा धडा एकाच स्क्रीनवर असतात. शरीराबद्दलचं कुतूहल आणि ते भागवणारी क्लिप यांच्यात पाच धड्यांचं अंतर नसतं.

हे दोन धडे एकत्र शिकवावेत, म्हणजे लैंगिक आरोग्य शिकवताना जाहिरात, मालिका, रील, पोर्न हे सगळं वर्गात चर्चेला घ्यावं, या विचाराच्या मुळाशी आहे माध्यमसाक्षरता: समोर दिसतं ते कोणी आणि कशासाठी बनवलं, हे विचारायला शिकणं. नाव नवं आहे. त्यामागचं भांडण आपल्याकडे शंभर वर्षांचं आहे, आणि ते बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर अडलं: मुलांना दाखवायचं काय? दिसतं त्याकडे बघायचं कसं, हा प्रश्न फार उशिरा आला.

सुरुवात मुंबईतून करायला हवी. रघुनाथ धोंडो कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२५ मध्ये नोकरी सोडावी लागली, आणि जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. १९५३ साली ते गेले तोवर ते चाललं. मासिकाच्या नावाचा आणि आजच्या नवव्या धड्याच्या नावाचा अर्थ जवळपास एकच, हा योगायोग मला भारी वाटतो. पण जास्त महत्त्वाचं होतं त्यातलं प्रश्नोत्तरांचं सदर. घरी, शाळेत, डॉक्टरकडे जे विचारता येत नव्हतं ते लोक पत्रातून विचारत, आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तर देत. हस्तमैथुनाने माणूस खंगतो का, समलिंगी आकर्षण हा रोग आहे का, अशा तऱ्हेचे प्रश्न.

याच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. आधी १९३१ मध्ये एकदा शंभर रुपये दंड झालेलाच होता. या दुसऱ्या वेळी वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्याने लेखन अश्लील ठरत नाही, आणि वाचकांनी शंका विचारल्या तर त्या विषयाला वाहिलेल्या मासिकाने उत्तर द्यायचं नाही तर कोणी द्यायचं, असा युक्तिवादाचा रोख. लैंगिकतेचा अभ्यास करणारा इंग्रज लेखक हॅवलॉक एलिस याचे दाखले दिले गेले. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. आज वाचताना जाणवतं ते हे की कोर्टाला त्रास मासिकाच्या उत्तरांचा झाला. खोटी भीती पसरवणाऱ्यांचा कोणाला झालेला दिसत नाही.

ती भीती कोण पसरवत होतं ते बघायला ग्रंथालयात जायला नको. रेल्वे रुळांलगतची भिंत पुरे. ‘निराश होऊ नका’, ‘एकदा अवश्य भेटा’, ‘स्वप्नदोष, धातू जाणे, कमजोरी: शंभर टक्के गॅरंटी’. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलांचं लैंगिक शिक्षण लोकलच्या खिडकीतून असंच झालं. जरा थांबून वाचलं तर ही जाहिरात आधी रोग देते, मग औषध. झोपेत वीर्य जाणं ही वयात येताना घडणारी साधी गोष्ट. तिला ‘दोष’ म्हटलं की पंधरा वर्षांचा मुलगा आपसूक रुग्ण होतो. लाज वाटत असल्यामुळे तो कोणाला विचारणार नाही, हेही जाहिरात देणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. हा धंदा कशावर चालतो, कोणती माहिती मुद्दाम गाळली आहे, फायदा कोणाचा, हे तीन प्रश्न त्या भिंतीला विचारता आले की माध्यमसाक्षरतेचा पहिला तास झाला म्हणायचं.

सरकारने यावर १९५४ मध्ये आक्षेपार्ह औषधी जाहिरातींचा कायदा केला. लैंगिक शक्ती वाढवण्याचे दावे, पाळीच्या तक्रारींवरचे उपाय, अशा जाहिरातींना बंदी. गंमत अशी की गर्भनिरोधाची जाहिरातही त्याच कलमात बसवली होती. भोंदू वैदू आणि कर्वे यांच्यात कायद्याला फरक दिसला नाही. सरकारी जाहिरातींना सूट होती, म्हणून पुढे कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर आला आणि १९६८ मध्ये ‘निरोध’ हा सरकारी कंडोम पंधरा पैशांना तीन या भावाने पानाच्या टपरीपर्यंत पोचला. पण हा सगळा प्रचार लग्न झालेल्या जोडप्यांसाठी होता. चौदा-पंधरा वर्षांचं पोर त्या चित्रात कुठेच नव्हतं. आई, बाबा आणि दोन हसरी मुलं, बस्स.

टीव्ही आला तसं पोर समोर बसून हे सगळं बघू लागलं. सॅनिटरी पॅडच्या जाहिरातीत निळं पाणी ओततात, ते नेमकं कशाबद्दल आहे हे अनेक मुलग्यांना कॉलेजात कळलं. घरातली मोठी माणसं रिमोट शोधायची. मुलीने कोपऱ्यात बसून पाळीबद्दल विचारलं तर ‘मोठी झालीस की कळेल’, आणि ती तर मोठी झाली म्हणूनच विचारत असायची.

मग एचआयव्हीने बोलणं भाग पाडलं. २००२ च्या अखेरीस मुंबईत होर्डिंग लागली: बलबीर पाशाला एड्स होईल का? हिंदीत, ठळक अक्षरांत. हा बलबीर पाशा कोण, हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि तोच डाव होता. लोक स्टेशनवर, चहाच्या टपरीवर त्याच्याबद्दल बोलू लागले. पीएसआय (पॉप्युलेशन सर्व्हिसेस इंटरनॅशनल) या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेची ती मोहीम. हळूहळू कळत गेलं की बलबीर कधी दारूच्या नशेत निरोध विसरतो, कधी एकाच बाईकडे जातो म्हणून स्वतःला सुरक्षित समजतो. मोहिमेवर टीकाही झाली. लैंगिक व्यवसायातल्या बायकांवर आजाराचं खापर फुटतं, असा आक्षेप होता आणि तो चुकीचा नव्हता. पण शहराने एका जाहिरातीवर उघड वाद घातला. वर्गात हे घडलं असतं तर किती बरं झालं असतं.

वर्गात घडायची वेळ आली तेव्हा दार बंद झालं. २००५ मध्ये केंद्राने नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, साथीने किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला. २००७ मध्ये महाराष्ट्राने त्याला बंदी घातली. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, राजस्थान, छत्तीसगड यांनीही तेच केलं. आक्षेप मुख्यतः शिक्षकांच्या फ्लिपचार्टमधल्या चित्रांवर होता. शरीराची आकृती अश्लील ठरली. २००९ मध्ये व्यंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीने शाळांत लैंगिक शिक्षण नकोच असं सांगितलं. त्याच वर्षी युनेस्कोने लैंगिकता शिक्षणाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका काढली. म्हणजे आपण फ्लिपचार्टचं पान मिटत होतो, आणि सात वर्षांनी, २०१६ मध्ये, स्वस्त डेटा गावागावांत येणार होता.

परदेशात तोवर दुसरी वाट शोधली गेली होती. माध्यमं शाळेत शिकवायला हवीत हे युनेस्कोच्या १९८२ च्या ग्रुनवाल्ड जाहीरनाम्यात आलं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताने १९८७ मध्ये ते अभ्यासक्रमात घेतलं. यात लैंगिक काहीच नव्हतं. जाहिरात, बातमी, सिनेमा कोणी बनवला आणि कशासाठी, एवढंच. लैंगिक आरोग्याशी गाठ पडली ती अमेरिकेत, आणि तिथेही राजकारणाच्या गल्लीतूनच. १९९६ च्या कायद्याने ‘लग्नापर्यंत थांबा’ असं शिकवणाऱ्या कार्यक्रमांना वर्षाला पाच कोटी डॉलर देऊ केले. एक बाजू संयम शिकवा म्हणे, दुसरी निरोध. माझं मत असं की माध्यमसाक्षरता या भांडणातून निसटू शकली, कारण ती ‘करा’ही म्हणत नाही, ‘करू नका’ही म्हणत नाही. ती विचारते, हे चित्र तुला कोणी दाखवलं?

वॉशिंग्टन राज्यात असा एक अभ्यासक्रम मुलांनीच मुलांना शिकवला. शिक्षकांऐवजी थोडी मोठी मुलं पुढे उभी राहिली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २२ ठिकाणची ५३२ मुलं होती. धडे घेतलेल्या मुलांमध्ये एक फरक ठळक होता: ‘माझ्या वयाची सगळीच हे करतात’ हा गैरसमज त्यांच्यात कमी होता. हा साधा वाटणारा मुद्दा कळीचा आहे. मालिका आणि गाणी मुलाला थेट काही करायला सांगत नाहीत. त्या ‘सगळे करतायत, तूच मागे’ एवढंच सुचवतात. बाकीचं काम मित्र करतात. पुढे नॉर्थ कॅरोलायनात ‘मीडिया अवेअर’ नावाचा अभ्यासक्रम तयार झाला. बॉस्टनमध्ये पोर्नबद्दल नऊ सत्रांचा वर्ग घेतला गेला, त्यावरचा निबंध २०१८ चा. पहिल्या फेरीत मुलं होती फक्त २४, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. या वर्गाचा उद्देश पोर्न दाखवणं नव्हे. पोर्नमध्ये कोणी संमती विचारताना का दिसत नाही, निरोध का दिसत नाही, शरीरं एकाच साच्याची का, यावर बोलायचं. मुलं क्लिप बघून आलेलीच असतात, हे धरून चालायचं.

२०१८ मध्ये युनेस्कोने आपली मार्गदर्शिका सुधारली, तेव्हा डिजिटल माध्यमांचा सुरक्षित वापर तिच्यात स्वतंत्र विषय म्हणून आला. आपल्याकडे फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात अकरा विषय. प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही प्रतिबंध हा एक, इंटरनेट आणि सोशल मीडियाचा सुरक्षित वापर हा दुसरा. प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक बाई आणि एक सर, ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करायचे. तिसरा आणि नववा धडा सरकारी कागदावर तरी एका यादीत आले. महिन्याभरात कोविडमुळे शाळा बंद झाल्या, आणि ज्या मुलांना फोन द्यायचा नाही म्हणून घरोघरी वाद होते त्यांच्या हातात अभ्यासासाठी म्हणून फोन आला.

सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याच्या कलम १५ वर निकाल दिला. अल्पवयीन मुलांचं लैंगिक चित्रण असलेली क्लिप जवळ बाळगणं आणि न कळवणं हाही गुन्हा ठरू शकतो, असं त्यात आहे. न्यायालय शब्दावरही बोललं: याला ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ म्हणू नका, ही शोषणाची आणि अत्याचाराची सामग्री आहे. लैंगिक शिक्षणाबद्दलचे आपले गैरसमजही निकालात आले आहेत, आणि ते शिक्षण द्यावं अशी सूचनाही. वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेली क्लिप उघडून नववीतला मुलगा ती पुढे ढकलतो, तेव्हा त्याच्या डोक्यात तो गुन्हा नसतो, फॉरवर्ड असतो. हा फरक त्याला सांगायचं काम शाळेतल्या त्या दोन ‘आरोग्यदूत’ शिक्षकांवर आलं आहे, आणि दहावीचं पुस्तक त्याच्या दप्तरात यायला अजून वर्ष आहे.