पुसलेल्या पाटीवरची खूण

ब्राउझरच्या पत्त्यात अर्ज क्रमांक स्पष्ट दिसतोय: '?अर्ज=४८१२७'. तरी पान म्हणतंय, "कृपया अर्ज क्रमांक टाका." रिफ्रेश केलं की तीच लिंक गुपचूप उघडते. दिवसभरात हजारो लोक अर्जाची स्थिती बघून जातात, अडकतात ते दोन-चार. त्यांचा फोन येतो तेव्हा आपल्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित चालू असतं.

जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका वेब ॲप्लिकेशनमध्ये आम्हाला हा बग भेटला. लिंकमधून किंवा फॉर्ममधून सर्व्हरकडे जाणाऱ्या अशा माहितीला पॅरामीटर म्हणतात. कोड ती 'गेटपॅरामीटर' असं म्हणून मागतो. माहिती नसेल तर हाती 'नल' येतं, म्हणजे काहीच नाही.

पॅरामीटर हरवण्याची साधी कारणं बरीच आहेत. टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. 'पाटील & सन्स' मधलं '&' सांकेतिक रूपात बदललं नाही, तर नाव 'पाटील'पाशीच तुटतं. फॉर्मचा मजकूर सर्व्हरला एकदाच वाचता येतो. मधल्या एखाद्या फिल्टरने, म्हणजे विनंती आधी तपासणाऱ्या कोडने, तो आधीच वाचून टाकला, तर पुढच्याला काही उरत नाही. पण ही कारणं बहुधा ठरावीक मजकुरालाच नडतात. तीच लिंक दुसऱ्यांदा चालते म्हणजे दोष लिंकमध्ये नाही, हे आम्हाला पटायला दोन दिवस लागले. ॲक्सेस लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या विनंत्यांच्या नोंदवहीत तर क्रमांक पूर्ण उमटला होता. दारातून तो नीट आत आला होता, हरवला होता घरात.

हे घर म्हणजे टॉमकॅट, जावाची वेब ॲप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर. येणाऱ्या प्रत्येक विनंतीसाठी तो नवा 'रिक्वेस्ट' ऑब्जेक्ट, म्हणजे त्या विनंतीची माहिती ठेवायची जागा, बनवत बसत नाही. वेळ वाचावा म्हणून जुनाच पुसून पुन्हा वापरतो, शाळेतल्या पाटीसारखा. कोणी पहिल्यांदा पॅरामीटर मागितला की टॉमकॅट लिंक वाचतो, पाटीवर यादी लिहितो आणि कोपऱ्यात खूण करतो: 'वाचून झालं'. पुन्हा मागितलं तर तो खूण बघतो आणि थेट यादीत शोधतो. उत्तर गेलं की यादी आणि खूण दोन्ही पुसून पाटी पुढच्या विनंतीसाठी तयार.

आमच्या कोडमध्ये एसएमएस पाठवायचं काम वेगळ्या थ्रेडकडे, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्याकडे होतं आणि त्याला आम्ही अख्खी पाटीच देऊन टाकली होती. गर्दी नसताना तो थ्रेड वेळेत आटपायचा. गर्दीत मात्र मागे पडायचा. तोवर उत्तर गेलेलं, पाटी पुसलेली. तो उशिरा येऊन मोबाइल नंबर मागायचा. त्याला नल मिळायचं ते मिळायचंच, पण मागितलं म्हणून कोपऱ्यात खूणही व्हायची! आता याच पाटीवर पुढच्या माणसाची विनंती आली की टॉमकॅट 'वाचून झालं' बघून लिंक वाचायचाच नाही. ती विनंती संपल्यावर पाटी पुन्हा पुसली जायची, खूणही जायची. म्हणून रिफ्रेश केलं की सगळं ठीक.

ज्याचा क्रमांक हरवतो, त्याच्या विनंतीत काहीही चुकलेलं नसतं. चूक आधीच्या, कोणा अनोळखी माणसाच्या विनंतीत झालेली असते. आम्ही मात्र हरवलेल्या विनंतीचाच कोड उलटसुलट तपासत बसलो होतो. बघायला जावं तर दिसेनासा होणाऱ्या अशा बगला 'हायझेनबग' म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ च्या आपल्या निबंधात हा शब्द वापरला होता. लॅपटॉपवर एकटाच वापरणारा असतो, गर्दी नसते, म्हणून तो तिथे सापडणं कठीण.

सर्व्हलेटचा, म्हणजे जावात वेब विनंत्या हाताळायच्या ठरलेल्या पद्धतीचा, नियम याबाबतीत स्पष्ट आहे: विनंती हाताळून झाली की तो ऑब्जेक्ट आपला नाही. दुसऱ्या थ्रेडला हवी ती माहिती आधी साध्या स्ट्रिंगमध्ये (मजकुराच्या स्वतंत्र प्रतीत) काढून द्यायची. टॉमकॅटमध्ये 'डिस्कार्डफसाड्स' नावाची सेटिंग आहे. ती चालू असेल तर जुन्या पाटीला हात लावणाऱ्याला नल मिळत नाही, सरळ एरर मिळते. टॉमकॅट १०.१ मध्ये ती मुळातच चालू असते. आम्ही ९ वर होतो, तिथे मुद्दाम चालू करावी लागली. मग गर्दीच्या वेळी लॉगमध्ये एरर आली आणि तिच्याखाली एसएमएसच्या फाइलचं नाव होतं. ती फाइल तोवर आमच्यापैकी कोणी उघडलीही नव्हती.