प्लग-इन ब्रिज: स्क्रू गेला, कात्री आली

कंट्रोल पॅनेलमध्ये सुटे सुटे टर्मिनल (वायरी जोडायचे ठोकळे) ओळीने बसवायची पद्धत 1928 साली जर्मनीतल्या एसेनमध्ये सुरू झाली. एखादे टर्मिनल तुटले तर तेवढेच बदलता यावे, हा त्यामागचा हिशोब. मग शेजारच्या टर्मिनलांना एकच सप्लाय द्यायचा कसा? कित्येक दशके त्याला दोनच उपाय होते. एक तर वायरचे लूपिंग, म्हणजे एका टर्मिनलवरून पुढच्यावर वायर नेत जाणे, नाहीतर मधोमध स्क्रूने आवळायची धातूची लिंक. लूपिंगमध्ये एका स्क्रूखाली दोन वायरी येतात आणि एक सैल पडली की पुढची अख्खी रांग बंद. लिंक भरवशाची, पण दहा टर्मिनलांना दहा स्क्रू.

1977 च्या सुमारास स्प्रिंगने वायर धरणारी केज क्लॅम्प पद्धतीची टर्मिनल बाजारात आली. वायरसाठीच स्क्रू लागेनासा झाल्यावर लिंकसाठी तो ठेवण्यात अर्थ उरला नाही. प्लग-इन ब्रिजचा, म्हणजे शेजारची टर्मिनल जोडणाऱ्या बिनस्क्रूच्या लिंकचा, खरा जन्म इथला, असे मला वाटते.

अंगठ्याने दाबून बसवायचा हा तुकडा दिसायला साधा आहे, डिझाइनला नाही. त्याचा प्रत्येक पाय मधून चिरलेला असतो. टर्मिनलच्या करंट बारमधल्या (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीतल्या) खाचेत तो दाबला जातो आणि दोन पाती बाहेर ताणून संपर्क धरतात. 2.5 चौरस मिमी वायरच्या टर्मिनलची रुंदी साधारण 5.2 मिमी असते. 50 पायांच्या ब्रिजमध्ये पहिल्यापासून शेवटच्या पायापर्यंत 254.8 मिमी अंतर होते. दर टर्मिनलमागे केसभर फरक पडला तरी शेवटचा पाय खाचेबाहेर जाईल, म्हणून पायांना थोडी हालचाल ठेवावी लागते. पुढे टर्मिनलमध्ये खाचांच्या दोन रांगा आल्या. एक ब्रिज जिथे संपतो त्याच टर्मिनलच्या दुसऱ्या खाचेतून पुढचा सुरू करता येऊ लागला.

वाद मात्र झाला तो कापण्यावरून. हव्या त्या लांबीचा ब्रिज साइटवर मिळेलच असे नाही, म्हणून लांब पट्टी कापून वापरायची आणि मधले टर्मिनल वगळायचे तर तेवढा पाय तोडायचा, ही मुभा उत्पादकांनी दिली. पॅनेल बनवणाऱ्यांना ती हवीच होती. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या शॉपमध्ये ड्रॉइंग शेवटच्या दिवशी बदलते हे तिथल्या कुणालाही विचारा. पण कापलेल्या टोकाला तांबे उघडे पडते. शेजारी वेगळ्या व्होल्टेजचे टर्मिनल असेल तर मधले हवेतले अंतर घटते. त्यामुळे एरवी 800 व्होल्टला चालणाऱ्या टर्मिनलसाठी कॅटलॉगमध्ये कापलेल्या ब्रिजचा आकडा बराच कमी दिलेला असतो. पूर्ण आकडा हवा तर मध्ये पार्टिशन प्लेट (वीजरोधक आडपट्टी) घालावी लागते. ही टीप बारीक अक्षरात, आणि कात्री वायरमनच्या हातात. ज्याच्यापर्यंत कॅटलॉग पोहोचत नाही त्याच्यावर ही जबाबदारी टाकणे मला मान्य नाही.

पाय तोडण्यातला धोका त्याहून मोठा आहे. वरून पाहिले तर तोडलेला आणि साबूत ब्रिज सारखाच दिसतो. वर्षभराने फॉल्ट शोधायला आलेल्या माणसाला वाटते, पाचही टर्मिनल कॉमन, म्हणजे एकाच सप्लायवर, आहेत. प्रत्यक्षात तिसऱ्यावर दुसराच सप्लाय असतो. ब्रिजच्या माथ्यावर खूण करायची सोय नंतर दिली गेली, पण ती खूण करणे आजही ऐच्छिकच आहे.

करंटचाही गैरसमज आहे. दहा टर्मिनल जोडली म्हणून करंट दहापट घेता येत नाही. फीड (आत येणारा सप्लाय) एकाच टर्मिनलवर असेल तर सगळ्यांची बेरीज त्या एका पायातून जाते, आणि 2.5 चौरस मिमीला ती साधारण 24 अँपिअरच्या आत ठेवायची असते. IEC 60947-7-1 या आंतरराष्ट्रीय मानकात टर्मिनलची तापमानवाढ 45 अंशांपर्यंतच मान्य आहे.

पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) 24 व्होल्ट कॉमनसाठी आता लाल-निळ्या ब्रिजखेरीज पॅनेल सहसा दिसत नाही. सीटीच्या (करंट मोजण्यासाठीच्या ट्रान्सफॉर्मरच्या) सर्किटमध्ये मात्र अनेक ग्राहक अजून स्क्रूने आवळायची सरकती लिंकच मागतात. लोड चालू असताना सीटीची सेकंडरी (मीटरकडे जाणारी वाइंडिंग) उघडी पडली तर जीवघेणे व्होल्टेज तयार होते, आणि लिंक शॉर्ट आहे की उघडी हे त्यांना डोळ्यांनी दिसायला हवे असते.