18 मात्रांकडून 4 मात्रांकडे: नारद मायकेल वॉल्डनच्या वाटेची पार्श्वभूमी

व्हिटनी ह्यूस्टनच्या 1987 सालच्या ‘व्हिटनी’ या अल्बमची श्रेयनामावली वाचली, तर 11 पैकी 7 गाण्यांपुढे निर्माता म्हणून एकच नाव दिसतं: नारद मायकेल वॉल्डन. पुढच्याच वर्षी त्याला सर्वोत्तम निर्मात्याचं ग्रॅमी मिळालं. हाच माणूस 1974 मध्ये जॉन मॅकलॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या ताफ्यात ड्रम्सवर बसला होता, तेही पहिला ड्रमर बिली कॉबमच्या रिकाम्या झालेल्या जागी. जॅझ फ्यूजनमध्ये, म्हणजे जॅझ आणि रॉकच्या मिश्रणात, त्या काळी यापेक्षा अवघड खुर्ची नव्हती.

फ्यूजन सोडून पॉपकडे जाणं हा पैशासाठी केलेला पक्षबदल होता, असं फ्यूजनचे चाहते आजही म्हणतात. रेकॉर्ड कंपनीचा दबाव होता, हे खरंच आहे. पण त्याआधीची दहा वर्षं नीट पाहिली की लक्षात येतं: वॉल्डन ज्या गुरूच्या, श्री चिन्मय यांच्या, पायाशी बसला होता, त्यांच्या मार्गात बाजारात उतरून काम करणं हा साधनेचाच भाग मानला जात होता.

जॅझवाल्यांचं गुरूंकडे वळणं वॉल्डनच्या आधीपासून सुरू होतं. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ हा अल्बम 1965 मध्ये आला आणि वादन हीच प्रार्थना, ही कल्पना एका सबंध पिढीच्या मनात रुजली. कोल्ट्रेन गेल्यावर त्याच्या पत्नी ॲलिस कोल्ट्रेन स्वामी सच्चिदानंदांकडे गेल्या. इंग्लिश गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन 1970 मध्ये न्यूयॉर्कला श्री चिन्मय यांचा शिष्य झाला आणि गुरूंनी त्याला ‘महाविष्णू’ हे नाव दिलं. गिटारवादक कार्लोस सांतानाही शिष्य होऊन ‘देवदीप’ झाला. या दोघांनी 1973 मध्ये ‘लव्ह डिव्होशन सरेंडर’ हा अल्बम केला, त्यात कोल्ट्रेनच्या रचना आहेत.

श्री चिन्मय, म्हणजे चिन्मय कुमार घोष, यांचा जन्म 1931 चा, चितगाव जिल्ह्यातला. लहानपणीच ते पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात आले आणि 1964 मध्ये न्यूयॉर्कला गेले. क्वीन्समधल्या त्यांच्या केंद्राचे नियम कडक होते: शाकाहार, दारू आणि नशा वर्ज्य, ब्रह्मचर्य, पहाटेचं ध्यान आणि जोडीला धावणं. पण अरविंदांच्या पूर्णयोगाचा संस्कार असल्यामुळे संसार सोडून रानात जा, असं ते सांगत नसत. जगात राहा, काम करा आणि कालच्यापेक्षा आज पुढे जा, हा त्यांचा आग्रह. शिष्यांनी मॅरेथॉन धावल्या, उपाहारगृहं चालवली, दुकानं चालवली. पुढे काही माजी शिष्यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली, त्यांत सांतानाही होता. ती बाजू झाकून हा इतिहास सांगता येणार नाही. मॅकलॉफ्लिन तर 1970 च्या दशकाच्या मध्यावरच केंद्रापासून दूर झाला.

वॉल्डन मूळचा मिशिगनमधल्या कॅलमझूचा, जन्म 1952. महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या पहिल्या संचाने त्याला झपाटून टाकलं, मॅकलॉफ्लिनशी ओळख झाली आणि त्या ओळखीतून तो चिन्मय यांच्याकडे पोहोचला. ‘नारद’ हे नाव गुरूंनी दिलेलं. कीर्तनकार उभा राहतो त्या जागेला नारदाची गादी म्हणणाऱ्या महाराष्ट्राला हे नाव एका वादकाला शोभतं, हे वेगळं सांगायला नको.

पहिला संच 1973 च्या अखेरीस फुटला. मॅकलॉफ्लिनने 11 जणांचा नवा ताफा उभा केला: व्हायोलिनवर जाँ-लुक पॉन्ती, कीबोर्ड आणि गायनाला गेल मोरन, बासवर राल्फ आर्मस्ट्राँग, शिवाय तंतुवाद्यं. 1974 चा ‘अपोकॅलिप्स’ लंडनमध्ये एअर स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. मायकेल टिल्सन थॉमसच्या हाताखाली लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा होता आणि निर्माता होता बीटल्सचा जॉर्ज मार्टिन.

हा प्रसंग वॉल्डनच्या पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने मोठा आहे. ड्रम्स आणि व्हायोलिन एकाच दालनात वाजले, की ड्रम्सचा आवाज व्हायोलिनच्या माइकमध्ये शिरतो. मग मिश्रणात व्हायोलिन वर घ्यावं, तर त्यांच्यासोबत झांजाही वर येतात आणि ड्रम्स दूरच्या खोलीत वाजल्यासारखे पसरट होतात. उपाय दोनच: वाद्यं वेगळी बसवून आडोसे घालायचे, नाहीतर ड्रमरने हात आवरायचा. आपण कमी वाजवलं की दुसऱ्याचं वाद्य मोठं होतं, हे वाद्यवृंदासोबत बसलेल्या ड्रमरला शिकावंच लागतं.

महाविष्णूच्या जुन्या रचनांचं गणित माहीत नसेल, तर वॉल्डनने पुढे काय सोडलं ते कळणार नाही. ‘बर्ड्स ऑफ फायर’ 18 मात्रांत आहे. इतक्या लांब आवर्तनात समेवर सगळे एकत्र यायचे असतील, तर मधला हिशेब ड्रमरच्या अंगात मुरलेला असावा लागतो. तो मोजत बसला की ठेका कोरडा पडतो. न मोजता भरणा (मधल्या जागा भरणारे जादा ठोके) करत सुटला, तर बाकीच्यांची सम हुकते. वॉल्डनला हे जमत होतं. तरीही 1975 च्या ‘व्हिजन्स ऑफ द एमरल्ड बियाँड’मधली त्याची स्वतःची रचना, ‘कॉस्मिक स्ट्रट’, ऐकावी. ती सरळ फंक आहे, पाय आपोआप हलतो. पुढचा निर्माता तिथे पहिल्यांदा स्पष्ट ऐकू येतो, असं आमचं मत आहे.

त्यानंतर गिटारवादक जेफ बेकचा ‘वायर्ड’ हा अल्बम आला, 1976 मध्ये. त्यातल्या 4 रचना वॉल्डनच्या आहेत आणि शेवटच्या ‘लव्ह इज ग्रीन’मध्ये तो पियानोवर आहे. त्याच वर्षीच्या वेदर रिपोर्ट या फ्यूजन ताफ्याच्या ‘ब्लॅक मार्केट’मध्येही त्याचे ड्रम्स आहेत. अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याने केलेल्या पहिल्या अल्बमचा, ‘गार्डन ऑफ लव्ह लाइट’चा, निर्माता टॉम डाउड होता. कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’च्या ध्वनिमुद्रणात डाउडचाही हात होता. मार्टिन आणि डाउड, अशा दोघांच्या हाताखाली शिकायला मिळणं हे भाग्यच.

सुरुवातीचे अल्बम फारसे खपले नाहीत आणि कंपनीला नाचता येतील अशी गाणी हवी होती. 1979 मध्ये ‘अवेकनिंग’ आणि ‘द डान्स ऑफ लाइफ’ आले. दुसऱ्यातलं ‘आय शुडा लव्ह्ड या’ ब्रिटनमध्येही पहिल्या दहात गेलं. अल्बमची नावं साधकाची आणि ठेका डिस्कोचा, यात वॉल्डनला विसंगती दिसली नाही. मग 1980 मध्ये स्टेसी लॅटिसॉ ही अगदी कोवळ्या वयाची गायिका त्याच्याकडे आली. ‘लेट मी बी युअर एंजल’ आणि ‘जंप टू द बीट’ ही तिची गाणी चालली आणि दुसऱ्याचा आवाज पुढे आणणारा निर्माता म्हणून त्याला कामं मिळू लागली. अँजेला बोफिल, सिस्टर स्लेज अशी नावं पाठोपाठ आली.

कॅलिफोर्नियात सॅन राफेलला त्याचा स्टुडिओ आहे, नाव ‘तर्पण’. बासवर रँडी जॅक्सन, कीबोर्डवर वॉल्टर अफानासिएफ, गिटारवर कोरादो रुस्तिची, ध्वनिमुद्रणाला डेव्हिड फ्रेझर अशी मंडळी वर्षानुवर्षं एकत्र राबली. त्या दशकातली कामाची पद्धत आज विस्मरणात गेली आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

24 ट्रॅकच्या दोन टेप मशिन जोडायच्या, तर प्रत्येकीवरचा एक ट्रॅक वेळेच्या संकेतासाठी जातो. उरतात 46. हा संकेत कर्कश असतो आणि शेजारच्या ट्रॅकमध्ये झिरपतो. म्हणून तो कडेच्या ट्रॅकवर ठेवायचा आणि लागूनचा शक्यतो रिकामा सोडायचा. तिथे गाणं किंवा मंद स्ट्रिंग्ज ठेवल्या, तर शांत जागी चिरका आवाज ऐकू येतो आणि तो मग काढता येत नाही.

यंत्राच्या ठेक्यावर खरे ड्रम्स चढवताना घोळ बहुधा किक ड्रममध्ये (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रममध्ये) होतो. यंत्राची किक आणि माणसाची किक यांत 20 ते 30 मिलिसेकंदांचं अंतर पडलं, तर एकाऐवजी दुहेरी ठोका ऐकू येतो. अंतर त्याहून बरंच कमी असेल, तर दोन्ही आवाज एकमेकांना खातात आणि खालचा भरदारपणा नाहीसा होतो. म्हणून किक एकाच स्रोताची ठेवणं बरं. माणसाचा हात हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) आणि झांजांवर वापरावा, कारण लयीची झुलती चाल तिथूनच येते. व्हिटनीचं ‘आय वॉना डान्स विथ समबडी’ हे 4 मात्रांचं गाणं मिनिटाला 119 ठोक्यांच्या आसपास चालतं आणि त्यात रोलंडचं 808 हे ठेक्याचं यंत्र आहे. तरी ते कवायतीसारखं वाटत नाही. आपला भरणा कुठे गाळायचा, हे ठरवणारा माणूस कधी काळी 18 मात्रा वाजवत होता, त्याचा हा परिणाम आहे.

गायिकेचा मुख्य आवाज त्या काळी सहसा असा घडे: पूर्ण गाणं चार-पाच वेळा गाऊन घ्यायचं आणि ओळीओळीतला उत्तम तुकडा निवडून एका ट्रॅकवर उतरवायचा. दोन तुकड्यांत माइकपासूनचं अंतर बदललं असेल, तर सांधा उघडा पडतो. श्वास अर्धा कापला गेला, तरी कान लगेच पकडतो. म्हणून गायकाची उभं राहायची जागा खुणेने पक्की करतात आणि सगळे प्रयत्न शक्यतो एकाच बैठकीत घेतात.

सोल गायिका अरीथा फ्रँकलिन विमानात बसायला तयार नसल्यामुळे तिच्या आवाजासाठी वॉल्डनलाच डेट्रॉइटला जावं लागलं. गाणं लिहिण्याआधी तो तिच्याशी फोनवर निवांत बोलला: फुरसतीत काय करतेस, कुठे जातेस. त्या गप्पांतूनच ‘हूज झूमिंग हू’ निघालं. ‘फ्रीवे ऑफ लव्ह’ही त्याच नावाच्या 1985 च्या अल्बममधलं. ज्याच्यासाठी गाणं करायचं त्याचं आधी ऐकून घ्यायचं, ही सवय ध्यानाला बसणाऱ्या माणसाला सोपी जात असावी. त्याच सुमारास व्हिटनीच्या ‘हाउ विल आय नो’साठी विचारणा झाली. आलेलं गाणं त्याने जसंच्या तसं घेतलं नाही. बदल करू दिले तरच काम करीन, अशी अट घातली. मूळ गीतकार सुरुवातीला नाराज होते. अखेर परवानगी मिळाली, मागच्या कोरसमध्ये व्हिटनीची आई सिसी ह्यूस्टनही गायली आणि 1986 मध्ये ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं.

त्यानंतर स्टारशिप या बँडचं ‘नथिंग्ज गॉना स्टॉप अस नाउ’, मराया केरीच्या 1990 च्या पहिल्या अल्बममधलं काम, 1992 च्या ‘द बॉडीगार्ड’मधलं ‘आय अ‍ॅम एव्हरी वुमन’ असा क्रम लागतो. ड्रम्स मात्र सुटले नाहीत. 2010 मध्ये तो पुन्हा जेफ बेकच्या ताफ्यात वाजवत फिरला. 2020 मध्ये जर्नी या रॉक बँडमध्ये गेला आणि त्या बँडचा 2022 चा ‘फ्रीडम’ हा अल्बम तिथला गिटारवादक नील शॉन याच्या जोडीने त्यानेच निर्माण केला. त्यातले ड्रम्सही त्याचेच आहेत.