अंग गार, पाय गरम

जून १९३८. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मॅमथ नावाच्या प्रचंड गुहेत दोन माणसं पलंग, टेबल आणि थर्मामीटर घेऊन राहायला गेली. एक झोपेचे अभ्यासक नथॅनिएल क्लाइटमन, दुसरा त्यांचा तरुण विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन. गुहेत ना ऊन, ना संध्याकाळ. तापमान बारा अंशांच्या आसपास कायम स्थिर. तिथे ३२ दिवस राहून त्यांनी २४ऐवजी २८ तासांचा दिवस पाळून पाहिला. रिचर्डसनच्या शरीराने तो स्वीकारला. क्लाइटमन यांच्या शरीराने काही केल्या जुमानलं नाही. त्यांचं तापमान जुन्या २४ तासांच्या तालावरच चढत-उतरत राहिलं आणि झोपही त्याच तालावर येत राहिली.

रात्री चांगली झोप लागावी म्हणून थंड पाण्याने अंघोळ करावी, बर्फाच्या पाण्यात बसावं, असं हल्ली जागोजागी ऐकू येतं. ते ऐकलं की मला ही गुहा आठवते. बाहेर गारठा होता, तो चोवीस तास होता. झोप ठरत होती ती शरीराच्या आतल्या तापमानाच्या उतारावर.

हा उतार दिसायला किरकोळ असतो, जेमतेम एका अंशाचा. मेंदू, हृदय, यकृत यांच्या आसपासचं, म्हणजे शरीराच्या गाभ्याचं तापमान संध्याकाळी सर्वांत जास्त असतं. झोपेच्या वेळेआधी ते उतरू लागतं आणि पहाटे तळाला जातं. पण आतली उष्णता बाहेर पडते कुठून? मुख्यतः तळहात आणि तळपायांतून. तिथल्या त्वचेखाली धमन्या आणि शिरा यांना थेट जोडणारे छोटे आडमार्ग असतात. रात्र होताना मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्रीची खूण देणारं संप्रेरक, वाढतं, हे मार्ग सैल होतात, गरम रक्त हातापायांत येतं आणि उष्णता हवेत निघून जाते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये हे नेमकं मोजलं. माणसाला झोप किती लवकर लागेल याचा सर्वांत चांगला अंदाज कशावरून येत होता? हातपाय धडापेक्षा किती ऊबदार आहेत यावरून. पाय गार पडले की झोप येत नाही, हा अनुभव काही मनाचा खेळ नाही.

आता झोपायच्या दहा मिनिटं आधी थंडगार पाणी अंगावर घेतलं तर काय होईल, ते लक्षात आलंच असेल. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता बाहेर जायची ती आतच कोंडते. शिवाय थंड पाण्याच्या पहिल्या धक्क्याने नकळत जोरात श्वास ओढला जातो, धाप लागते, छातीत धडधडतं. प्रागमधल्या एका प्रयोगात तरुणांना १४ अंशांच्या पाण्यात तासभर बसवलं, तेव्हा रक्तातलं नॉरॲड्रेनालिन पाच पटींहून जास्त वाढलं. हे सावध करणारं रसायन आहे. थंड पाण्यातून बाहेर आल्यावर येणारी तरतरी यातूनच येते, आणि अंथरुणावर पडताना नेमकी तीच नको असते. म्हणून हा हौसेचा प्रकार सकाळी करावा, असं माझं मत.

एक अपवाद मात्र आहे. संध्याकाळी जोरदार व्यायाम केला, तर गाभा बराच वेळ तापलेला राहतो. अशा वेळी थंड पाणी ती जादा उष्णता काढून घेऊ शकतं. खेळाडूंवरच्या काही प्रयोगांत त्यानंतर रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप वाढलेली दिसली, काहींत काहीच फरक दिसला नाही. प्रयोगांत माणसंही मोजकीच, बहुतेक पुरुष. त्यात एक अडचण अशी की औषध तपासताना खऱ्या गोळीच्या जागी नकळत साखरेची गोळी देता येते, पण बर्फाच्या पाण्याच्या जागी खोटं बर्फाचं पाणी कसं देणार? आपण थंड पाण्यात बसलो हे माणसाला कळतंच, आणि ‘आज छान झोप लागेल’ ही अपेक्षाही तिथेच सुरू होते.

गारव्याचा अधिक नेमका वापर पिट्सबर्ग विद्यापीठातल्या एरिक नोफ्झिंगर यांनी शोधला. निद्रानाशाच्या रुग्णांत कपाळामागचा मेंदू झोपेतही पुरता शांत होत नाही, असं त्यांना दिसलं. मग फक्त कपाळ गार ठेवणारं पट्टीसारखं उपकरण तयार झालं. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली, तीही झोपेच्या सुरुवातीच्या टप्प्यांपर्यंत लवकर पोहोचायला मदत, एवढ्याच मर्यादित दाव्यासाठी. इथे कपाळ गार होतं, हातपाय मोकळे राहतात.

गंमत म्हणजे ज्यांना अंग गार करून झोपायचं आहे, त्यांच्यासाठी अधिक भक्कम पुरावा आहे तो गरम पाण्याचा. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने झोपेच्या एक-दोन तास आधी, अगदी दहा मिनिटं अंघोळ केली तरी झोप लवकर लागते, असा निष्कर्ष निघाला. कारण वरचंच: गरम पाण्याने हातापायांकडे रक्त धावतं आणि नंतर गाभा झपाट्याने निवतो.

हृदयविकार किंवा वाढलेला रक्तदाब असेल, किंवा थंडीत बोटं पांढरी पडत असतील, तर बर्फाच्या पाण्याच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. एकट्याने तर कुणीच जाऊ नये.

राहिली खोली. स्वप्नं पडतात त्या झोपेत शरीराचा तापमानावरचा ताबा सैल पडतो, घाम येणं कमी होतं आणि हुडहुडी जवळपास थांबते. तेव्हा खोली फार तापलेली किंवा फार गारठलेली असेल, तर झोप तिथे तुटते. हवा थोडी गार आणि पायांत मोजे, ही जोडी दिसायला विसंगत वाटते. पण उकडू लागलं की आपण झोपेतच एक पाऊल पांघरुणाबाहेर काढतो, तेव्हा याच तळपायाच्या वाटेने उष्णता बाहेर सोडत असतो.