मोटारीच्या हेडलाइट सर्किटमधले फॉल्ट शोधणं

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूज, स्विच, रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), वायर, कपलर (वायर जोडायचा प्लग), बल्ब आणि तिथून बॉडीमार्फत परत निगेटिव्हला, या फेऱ्यात करंट कुठे अडतो किंवा कुठे भलतीकडे जातो ते मोजून काढायची पद्धत. यात ‘मोजून’ हा शब्द महत्त्वाचा, कारण अंदाजाने बल्ब बदलत बसलं तर फॉल्ट बऱ्याचदा जागेवरच राहतो.

मोटारीवर विजेचे दिवे नेमके कधी आले याबद्दल मतं वेगळी आहेत. बहुतेक संदर्भग्रंथ १८९८ च्या सुमाराची अमेरिकेतली कोलंबिया इलेक्ट्रिक कार सांगतात, पण तेव्हाची फिलामेंट धक्क्यांनी लवकर तुटायची आणि पुढेही बरीच वर्षं अ‍ॅसिटिलीनचे दिवेच जास्त चालले. सर्किट म्हणून बघायचं तर १९१२ ची कॅडिलॅक हीच सुरुवात मानणं जास्त पटतं, कारण तिच्यात डायनॅमो, बॅटरी, सेल्फ स्टार्टर आणि लाइट एकाच व्यवस्थेत आले, म्हणजे एकीकडचा बिघाड दुसरीकडे दिसायला लागला. बॉडी हीच परतीची वायर, ही पद्धतही जुनीच, फक्त बॉडीला कुठलं टोक जोडायचं यावर बराच काळ एकमत नव्हतं. अनेक ब्रिटिश गाड्या साधारण १९६० च्या दशकापर्यंत पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॉडीला बॅटरीचं पॉझिटिव्ह जोडलेल्या, होत्या, त्याचं कारण कोणी स्पार्क प्लगची झीज कमी होते असं देतं, कोणी टर्मिनलला गंज कमी लागतो असं. जुन्या गाडीवर मीटर लावताना हे आधी बघावंच लागतं, नाहीतर सगळी रीडिंग उलटी येतात.

दोन्ही लाइट एकदम गेले तर सामायिक भाग बघायचा, म्हणजे स्विच, रिले, मुख्य फ्यूज. एकच गेला तर त्या बाजूचा बल्ब, कपलर, अर्थ (बॉडीकडे परत जाणारा जोड), आणि बऱ्याच गाड्यांत प्रत्येक बाजूला वेगळा फ्यूज असतो तोही. रिलेवरचे आकडे जर्मन डिन ७२५५२ मानकातले आहेत: ३० म्हणजे बॅटरीकडून थेट सप्लाय, ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारा, ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल, रिले ओढणारं वेटोळं. ३० वर सप्लाय आहे, रिले टक् वाजतो, तरी ८७ वर काही नाही, तर आतले पॉइंट, म्हणजे ३० आणि ८७ जोडणाऱ्या पत्त्या, जळालेत.

खरी गंमत लाइट मंद असतो तेव्हा. ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरपेक्षा थोडा जास्त करंट घेतो, त्यामुळे वाटेत एखादा जोड गंजून १ ओहमचा झाला तरी तिथेच साडेतीन-चार व्होल्ट खाल्ले जातात. पण बल्ब काढून कपलरमध्ये डिजिटल मीटर लावलं तर ते पूर्ण बॅटरी व्होल्टेज दाखवतं, कारण मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम, करंट जवळजवळ शून्य, मग जोडावर काही पडतच नाही. एकाच धाग्यावर टिकून राहिलेली वायरसुद्धा अशी पास होते. म्हणून बल्ब जोडून, लाइट चालू ठेवून, कपलरच्या मागून मीटरची सुई (प्रोब) लावूनच मोजायचं. समजा बॅटरीवर १२.४ आणि बल्बवर १०.५ मिळाले, तर गेलेले १.९ कुठे गेले ते दोन मापांत कळतं: बॅटरी पॉझिटिव्ह ते बल्बची सप्लाय पिन ०.४, आणि बल्बची अर्थ पिन ते बॅटरी निगेटिव्ह १.५. पॉझिटिव्हच्या बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घेतात, अर्थच्या बाजूला ०.२ च्या वर गेलं की जोड उघडून बघायचाच.

व्होल्टेज घटलं की प्रकाश त्याहून कितीतरी जास्त घटतो. प्रकाश व्होल्टेजच्या ज्या घाताने बदलतो तो घातांक काही पुस्तकं ३ च्या आसपास देतात, काही ३.६ पर्यंत जातात, हॅलोजनसाठी कमी बाजूचा आकडा बरा वाटतो, पण कुठलाही धरा, १२ च्या जागी १०.५ व्होल्ट म्हणजे प्रकाश ६२ ते ६७ टक्क्यांवर येतो. रात्री गाडी चालवणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे आणि तो हळूहळू होतो म्हणून लक्षातही येत नाही.

अर्थ पूर्ण तुटला तर एच४ बल्ब, म्हणजे डिपर (जवळचा झोत) आणि अप्पर (लांबचा झोत) या दोन्हींच्या फिलामेंट एकातच असलेला, विचित्र वागतो. डिपर लावला की करंट डिपरच्या फिलामेंटमधून अप्परच्या फिलामेंटमध्ये, तिथून अप्परच्या वायरने पलीकडच्या दिव्यात जातो, मग या बाजूला दोन्ही फिलामेंट मिणमिणतात आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवाही थोडा पेटतो. ही खूण दिसली की बहुधा स्विच उघडायची गरज नाही, बॉडीवरचा बोल्ट काढून रिंग टर्मिनलखालचा रंग आणि गंज खरवडायचा. मात्र काही गाड्यांत, विशेषतः बऱ्याच जपानी, स्विच अर्थच्या बाजूला असतो, तिथे ही लक्षणं तशीच्या तशी लागू होत नाहीत.

कपलर ओढून काढला की एखाद्या पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी, जरासं वितळलेलं दिसतं, पितळेची पत्ती काळी पडून सैल झालेली असते. ती पिनेला घट्ट धरत नाही म्हणून तापते आणि तापते म्हणून आणखी सैल होते. अशा वेळी नुसतं साफ करून भागत नाही, कपलर आणि वायरचं टोक बदलावं लागतं.

थंड बल्ब ओहमवर मोजून शॉर्ट समजू नये, ५५ वॅटची फिलामेंट पेटल्यावर अडीच ओहमच्या आसपास असते आणि थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या जवळपास. बल्ब वरचेवर उडत असतील तर चार्जिंग व्होल्टेज बघावं, ५ टक्के वाढलं तरी आयुष्य जवळजवळ निम्मं होतं.

फ्यूज उडत राहतो तिथे मोठा फ्यूज घालणं सरळ धोक्याचं, कारण मग वायर जळते. त्यापेक्षा हेडलाइटचे बल्ब काढायचे, फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडायचा आणि लाइट चालू करून वायरिंग एकेक ठिकाणी सोडवत जायचं, तो विझला तिथून पुढे शॉर्ट आहे, बहुतेक वेळा पत्र्याच्या कडेला घासलेली वायर सापडते.

नव्या गाड्यांत कंट्रोल मॉड्यूल लाइटला पल्समध्ये सप्लाय देतं, साधं मीटर तिथे सरासरी दाखवतं, म्हणून कमी रीडिंग म्हणजे फॉल्टच असं नाही, स्कॅनर लावून कोड बघावा. झेनॉनच्या दिव्यात पेटतानाचा पल्स २० हजार व्होल्टच्या वर जातो, तिथे प्रोब लावायचा नाही. लाइट बंद करून, बॅटरी सोडवून दोन्ही बाजूंचे बॅलास्ट (झेनॉनच्या दिव्याला सप्लाय देणारे डबे) अदलाबदल करायचे, आणि फॉल्ट बॅलास्टबरोबर पलीकडे गेला तर बॅलास्ट बदलायचा.