डेटटाइम आणि टाइमस्टॅम्प: साडेपाच तास जातात कुठे?

मायएसक्यूएल या डेटाबेसमधून आलेली वेळ साडेपाच तास मागे दिसली की बहुतेकांचा उपाय ठरलेला असतो: क्वेरीत ३३० मिनिटं मिळवायची आणि मोकळं व्हायचं. कृपा करून हे थांबवा. बिघाड कुठे आहे ते न बघता केलेली ही बेरीज पुढे कोणीतरी दुसऱ्यांदा करतं, आणि मग वेळ साडेपाच तास पुढे जाते.

तारीख-वेळ ठेवायला मायएसक्यूएलमध्ये कॉलमचे दोन प्रकार मुख्य: डेटटाइम आणि टाइमस्टॅम्प. डेटटाइम साधा. जे लिहाल ते ठेवतो, तेच परत देतो. सकाळचे १० पुण्याचे की लंडनचे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. टाइमस्टॅम्प साठवायला एक बाइट कमी जागा घेतो, पण तेवढ्यावरून निवड करू नका. त्याची मर्यादा मात्र लक्षात ठेवा: यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळ; भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे) १९ जानेवारी २०३८, ०३:१४:०७. वीस वर्षांच्या नव्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता त्यात बसत नाही.

खरी गोम रूपांतरात आहे. टाइमस्टॅम्प लिहिताना सेशनच्या टाइम झोनमधून यूटीसीत जातो आणि वाचताना यूटीसीतून सेशनच्या झोनमध्ये येतो. कॉलममध्ये झोन साठवलेला नसतो. सेशन म्हणजे तुमचं त्या क्षणाचं कनेक्शन. त्याचा झोन कोणी ठरवला नसेल तर मूळ सेटिंग ‘सिस्टम’ असतं, म्हणजे सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टमचा झोन. लॅपटॉपवर तो भारतीय वेळेचा आणि क्लाउडवर बहुधा यूटीसी. ‘माझ्याकडे तर बरोबर दिसतंय’ हे वाक्य इथूनच येतं.

करून बघा. एका टेबलात दोन्ही प्रकारचे कॉलम घ्या. सेशनचा झोन +०५:३० (भारतीय वेळ) करा आणि दोन्हींत एका बिलाची वेळ म्हणून १ एप्रिल २०२५, पहाटे ०२:०० लिहा. आता झोन +००:०० (यूटीसी) करून तीच ओळ वाचा. डेटटाइम १ एप्रिल, ०२:०० वरच आहे. टाइमस्टॅम्प ३१ मार्च, २०:३० दाखवतोय. ओळीला कोणी हातही लावलेला नाही. पण या सेशनमधून मार्चअखेरचा रिपोर्ट काढलात तर हे बिल मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतं.

टाइमस्टॅम्प असा सरकलेला दिसला तर आधी लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या, दोन्ही सेशनचा झोन विचारा. बहुतेक वेळा आतला डेटा ठीक असतो, कनेक्शन चुकलेलं असतं. अशा वेळी टेबलावर अपडेट चालवलंत तर चांगला डेटा हातानं बिघडवाल. डेटटाइमचं दुखणं याहून वाईट. ‘नाऊ’ फंक्शन सेशनच्या झोननुसार वेळ देतं. वेबची सर्व्हिस यूटीसीत आणि रात्री आपोआप चालणारा जॉब भारतीय वेळेत असेल, तर एकाच कॉलममध्ये दोन घड्याळं मिसळतात. कोणती ओळ कोणी लिहिली याची नोंद नसेल तर ती वेगळी करता येत नाहीत.

म्हणून माझा आग्रह असा: सगळी कनेक्शनं तुमच्या हातात असतील तर ती उघडतानाच +००:०० ला बांधा, डेटटाइममध्ये यूटीसी ठेवा आणि भारतीय वेळ फक्त स्क्रीनवर दाखवा. रिपोर्टची टूलं, दुसऱ्या टीमचे जॉब असे बाहेरचे लोक त्याच टेबलात लिहीत असतील तर टाइमस्टॅम्प वापरा. पुढच्या महिन्याची डॉक्टरची अपॉइंटमेंट मात्र स्थानिक वेळेतच, डेटटाइममध्ये, आणि शेजारच्या कॉलममध्ये झोनचं नाव.

क्वेरीत एका झोनची वेळ दुसऱ्या झोनमध्ये बदलताना ‘एशिया/कोलकाता’ लिहिलंत आणि उत्तर नल (म्हणजे रिकामं) आलं, तर सर्व्हरवर टाइम झोनची टेबलं भरलेली नाहीत. ती भरून घ्या. तोपर्यंत +०५:३० लिहिलंत तरी चालेल. भारतात आज उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत, नाही, त्यामुळे हा फरक वर्षभर तोच राहतो.