डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठ, कोल्हापूर

कोल्हापूर शहराच्या उत्तरेच्या अंगाला, कसबा बावडा येथे असलेले खासगी अभिमत विद्यापीठ. अधिकृत नाव ‘डी. वाय. पाटील एज्युकेशन सोसायटी’. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम ३ खाली २००५ मध्ये त्याला हा दर्जा मिळाला. वैद्यक, परिचर्या (नर्सिंग), भौतिकोपचार (फिजिओथेरपी) आणि आंतरविद्याशाखीय संशोधन ही त्याची प्रमुख क्षेत्रे आहेत. कोल्हापूरकर त्याला नुसते ‘डी. वाय.’ म्हणतात. मात्र त्याच नावाच्या इतरही बऱ्याच संस्था शहरात आणि जिल्ह्यात आहेत, त्यामुळे पदवी नेमकी कोण देते हे प्रवेशाआधी पाहून घ्यावे लागते.

पूर्वेतिहास : राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी याच बावड्यात, लक्ष्मी-विलास राजवाड्यात झाला. या गावातील विद्यापीठाची नोंद त्यांच्यापासून सुरू करणे आवश्यक आहे, कारण कोल्हापुरात उच्च शिक्षणाचा प्रश्न ‘काय शिकवायचे’ यापेक्षा ‘कोणाला शिकता येईल’ असाच विचारला गेला, आणि तो तसा विचारायला शिकवले महाराजांनी.

महाविद्यालय त्यांच्या कारकिर्दीच्या आधीपासून होते. १८८० मध्ये सुरू झालेले राजाराम महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते आणि दक्षिण महाराष्ट्रातील हुशार मुलांचे ते ठिकाण होते. गोपाळ कृष्ण गोखले यांचे महाविद्यालयीन शिक्षण येथे सुरू झाले. पुढे यशवंतराव चव्हाण येथून १९३८ मध्ये पदवीधर झाले आणि उपराष्ट्रपती झालेले बी. डी. जत्तीही येथेच शिकले. पण खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला शहरात राहायला जागा नसे. महाविद्यालयाचे दार उघडे असले तरी रात्री पाठ टेकायला कोठे जायचे आणि दोन वेळचे जेवण कोण देणार, ही खरी अडचण होती.

तिच्यावर महाराजांनी काढलेला उपाय म्हणजे बोर्डिंगे. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०७ मध्ये लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग हाऊस. आणखीही बरीच निघाली. जमिनी, इमारती आणि उत्पन्ने दरबाराने दिली, कारभार त्या त्या समाजाने पाहिला. जातवार वसतिगृहे काढल्याबद्दल महाराजांवर टीका झाली. परंतु नावाला सर्वांसाठी असलेल्या वसतिगृहात प्रत्यक्षात बहुजनांची मुले टिकत नव्हती, हा त्यांचा अनुभव होता. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्यावर बोर्डिंगांचे महत्त्व आणखी वाढले, कारण त्या जागा भरायला शिकलेली मुले हवी होती. जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, ती याच वातावरणातून.

स्वातंत्र्यानंतर या भागातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाकडे गेली आणि परीक्षेच्या प्रत्येक कामासाठी पुण्याकडे पाहावे लागू लागले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार त्याचे पहिले कुलगुरू झाले. ते शासकीय विद्यापीठ. सुरुवातीला ३४ संलग्न महाविद्यालये आणि सुमारे १४,००० विद्यार्थी असलेले हे विद्यापीठ सागरमाळावर उभे राहिले. त्याची ‘कमवा आणि शिका’ योजना बोर्डिंगांच्याच परंपरेतली आहे.

स्थापना : खासगी विद्यापीठाची बीजे १९८३ मध्ये पडली. डॉक्टर, इंजिनीअर होऊ पाहणाऱ्या मुलांच्या मानाने महाराष्ट्रात जागा फारच थोड्या होत्या. पैसा असलेली घरे मुलांना कर्नाटकातील खासगी महाविद्यालयांत पाठवत. कोल्हापूरला तर बेळगाव अगदी जवळ. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली आणि सहकारातून, राजकारणातून पुढे आलेली मंडळी शिक्षणसंस्था काढू लागली. कोल्हापूर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी त्याच वर्षी सुरू झाली.

अंबपचे डॉ. ज्ञानदेव यशवंतराव तथा डी. वाय. पाटील हे या पिढीतील ठळक नाव. आमदार राहिलेल्या पाटलांनी १९८४ मध्ये बावड्यात अभियांत्रिकी महाविद्यालय काढले आणि १९८९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय. १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे ते त्रिपुरा आणि बिहारचे राज्यपाल झाले. १९८९ च्या सुमारास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जवळात जवळ म्हणजे मिरजेला होते. कोल्हापुरात सी. पी. आर. रुग्णालयाला जोडून ते आले नव्या शतकाच्या सुरुवातीला. तोवर शहरात राहून एमबीबीएस करायचे तर बावडाच.

वैद्यकीय महाविद्यालय आधी शिवाजी विद्यापीठाकडे, १९९८ नंतर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आणि २००५ पासून स्वतःच्या अभिमत विद्यापीठात, असे तीन छत्रांखाली राहिले. बावड्यातील अभियांत्रिकी महाविद्यालय मात्र अभिमत विद्यापीठात सामील झाले नाही. ते शिवाजी विद्यापीठाशी संलग्न राहिले. नाव एकच, पण पदवी देणारी विद्यापीठे दोन.

‘अभिमत’ म्हणजे काय : संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या स्वतंत्र कायद्याने न जन्मलेल्या, पण शिक्षण-संशोधनाच्या बळावर विद्यापीठासारखी मानली गेलेली संस्था. तिला अभ्यासक्रम आखता येतो, परीक्षा घेता येतात, पदव्या देता येतात. बाहेरची महाविद्यालये मात्र संलग्न करून घेता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये अनुदान आयोगाने अशा संस्थांना नावात नुसता ‘विद्यापीठ’ हा शब्द वापरण्यास मनाई केली, तेव्हापासून ‘अभिमत’ हे विशेषण नावाबरोबर लिहावे लागते.

अभ्यासक्रम : एमबीबीएस हा मुख्य अभ्यासक्रम. साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप. त्यापुढे एमडी, एमएस. प्रत्यक्ष शिक्षण संस्थेच्या कदमवाडी येथील रुग्णालयात होते आणि वैद्यकीय शिक्षणाचा खरा कस तेथेच लागतो. देशभरातून आलेल्या मुलांना रुग्णाशी मराठीत बोलावे लागते. ‘धाप लागते’, ‘कळ येते’, ‘हाताला मुंग्या येतात’, ‘गरगरतंय’ या शब्दांत सांगितलेले दुखणे पुस्तकातील लक्षणांशी जुळवणे हे रोगनिदानाचे पहिले पाऊल असते. राष्ट्रीय अभ्यासक्रमाने पहिल्या वर्षाच्या पायाभूत भागात स्थानिक भाषेला जागा दिली आहे, ती अगदी योग्य. त्याच अभ्यासक्रमात आता प्रत्येक विद्यार्थ्याकडे खेड्यातील काही कुटुंबे सोपवली जातात आणि त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा त्याने करायचा असतो. ऊसपट्ट्यातील घरांत मधुमेह, रक्तदाब आणि पाठदुखी कशी मुरलेली असते हे वॉर्डात बसून कळत नाही.

परिचर्येची चार वर्षांची बीएस्सी पदवी भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार चालते. भौतिकोपचाराचा पदवी अभ्यासक्रम आजवर चार वर्षे आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप असा राहिला आहे.

सर्वांत वेगळे आहे ते आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्र. अतिसूक्ष्म (नॅनो) कणांचे पदार्थविज्ञान, मूलपेशी (स्टेम सेल) व पुनर्जनन वैद्यक, वैद्यकीय भौतिकी असे विषय येथे पदव्युत्तर आणि पीएचडी स्तरावर शिकता येतात. वैद्यकीय भौतिकीतील तज्ज्ञ कर्करुग्णाला द्यायच्या किरणांची मात्रा मोजतो आणि गाठीपलीकडची निरोगी पेशी जळणार नाही अशी आखणी करतो. भौतिकशास्त्रात बीएस्सी झालेल्या मुलामुलींना मास्तरकीखेरीज दुसरी वाट दिसत नसे. त्यांच्यासाठी ही वाट मोलाची आहे.

प्रवेश आणि शुल्क : एमबीबीएसचे प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतात. २०१७ पासून अभिमत विद्यापीठांच्या जागा केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती भरते. राज्यातील महाविद्यालयांत असतो तसा महाराष्ट्राच्या विद्यार्थ्यांचा कोटा येथे लागू नाही. राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाचीही कक्षा येथवर पोहोचत नाही. अभिमत विद्यापीठाचे शुल्क त्याची स्वतःची शुल्क समिती ठरवते. कोल्हापूरच्या पालकाला बसणारी खरी अडचण यापुढची आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी राज्य सरकारची जी शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते, तिच्यातून खासगी अभिमत विद्यापीठे वगळलेली आहेत. जुलै २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या, आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागास घटकांतील मुलींना शंभर टक्के शुल्कमाफी जाहीर झाली, तिलाही हाच अपवाद आहे. महाराजांच्या जन्मगावातील विद्यापीठात त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती चालत नाही, ही गोष्ट मनाला लागते. दोष एका संस्थेचा नाही, धोरणाचा आहे. सरकार बदल करू शकते, आणि त्याने तो करावा असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

इतर खासगी विद्यापीठे : अतिग्रे येथील संजय घोडावत विद्यापीठ (२०१७) आणि तळसंदे येथील डी. वाय. पाटील कृषी व तंत्र विद्यापीठ (२०२१) ही विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेली स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे. दोन्ही हातकणंगले तालुक्यात, शहराच्या हद्दीबाहेर आहेत.